काळ्या मातीत जमिनीखालचं टाकं, आणि ईशान्येला शेजाऱ्याचं सेप्टिक. काय करू?

हुडकेश्वरचा_नवा | ६ एप्रिल, रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. नागपुरात हुडकेश्वरच्या आतल्या बाजूला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. कॉलमचे खड्डे झालेत. आता ठेकेदार पाण्याच्या टाक्याच्या मागे लागलाय. पार्किंगच्या खाली, १०,००० लिटरचं. तो म्हणतो, "नऊ इंची विटांचं बांधू, आतून-बाहेरून वॉटरप्रूफ प्लास्टर मारू, सहा दिवसांत मोकळे." जमीन काळी. चार-साडेचार फुटांपर्यंत नुसती चिकण माती, मग पिवळसर मऊ मुरूम लागतो.

आईला टाकं ईशान्येलाच हवंय. आणि नेमकं तिथेच कंपाउंडच्या पलीकडे तीन फुटांवर शेजाऱ्यांचं सेप्टिक टँक आहे. आमच्या ले-आउटला अजून गटारलाइन नाही. पाऊस जूनमध्ये येणार, त्याआधी हे आटोपायचंय. वीट, आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) की रेडिमेड प्लास्टिक, तेही कळत नाही.

आणखी एक. परवा दुपारी कॉलमच्या एका खड्ड्याचा काठ आपोआप ढासळला. माणसं डबे खायला गेली होती म्हणून वाचली. टाक्याचा खड्डा तर याहून मोठा आणि खोल. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

तर्रीपोहा | ६ एप्रिल, रात्री १०:३१
भाऊ, तुमचा ईशान्य कोपरा म्हणजे पूर्वेकडच्या शेजाऱ्याचा वायव्य. वास्तूत सेप्टिक वायव्येलाच सांगतात. दोघांनीही शास्त्र पाळलं, मधात पाणी फसलं.

काका_प्रतापनगर | ६ एप्रिल, रात्री ११:०५
आमच्या घरचे टाके १९८७ सालचे. विटांचे. आतून सिमेंटचा गिलावा, वर शहाबादी फरशी. आजतागायत एक थेंब गळला नाही. हल्ली आरसीसीचे फॅड निघाले आहे. मिस्त्री चांगला असला की वीटही टिकते आणि मिस्त्री वाईट असला की लोखंडही सडते. ठेकेदाराचे ऐका, पैसे वाचवा.

पुणेरी_टोमणा | ७ एप्रिल, सकाळी ७:४०
आमच्याकडे याला 'टाकी' म्हणतात. तुमचं 'टाकं' ऐकलं की वाटतं, आता कोणाला तरी टाके घालणार.

तर्रीपोहा | ७ एप्रिल, सकाळी ७:५२
@पुणेरी_टोमणा तुमच्याकडे टाकी दुपारी एक ते चार बंद राहते का?

स्थापत्या | ७ एप्रिल, सकाळी ९:२०
@काका, तुमचं टाकं टिकलं यात नवल नाही. प्रताप नगरात तुमच्या भागात दोन-अडीच फुटांवर कडक मुरूम लागत असणार. मुरूम हलत नाही. हुडकेश्वर, बेसा, मनीष नगरच्या काळ्या मातीत तोच मिस्त्री, तीच वीट, तोच गिलावा घ्या. दुसऱ्या उन्हाळ्यात भेगा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये रिकाम्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या बघा. ती जमीन वर्षातून एकदा भिंतीला ढकलते आणि एकदा सोडून देते. विटांच्या भिंतीत सळई नसते, ती हे झेलू शकत नाही. आणि आतलं पाणी भेगेतून बाहेर गेलं की भोवतीची माती आणखी फुगते.

तेव्हा @हुडकेश्वरचा_नवा, तुमच्या जागी आरसीसीच. पाणी साठवायच्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हे वेगळं मानक आहे, त्यात आरसीसीला किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट सांगितलंय. सिमेंट-रेती-गिट्टीचा 'एक-दोन-चार'चा माल तिथे चालत नाही. तळ काळ्या मातीवर टेकू देऊ नका, मऊ मुरुमाच्या खाली थोडं जा. कडक लागला नाही तर मऊ थर काढून कडक मुरूम आणून, पाणी मारून, थर दाबून घ्या. मग पीसीसी (बिनसळईच्या काँक्रीटचा थर), मग तळाच्या सळईची जाळी.

गळती बहुतेक वेळा तळ आणि भिंतीच्या सांध्यातून होते. तळ आज ओतला आणि भिंत चार दिवसांनी, की तिथे शिवण राहते. त्या शिवणीत पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी उभी धरायची, अर्धी तळात, अर्धी भिंतीत. ठेकेदार म्हणेल "केमिकल टाकू ना मॅडम". केमिकल टाकाच, पण पट्टीसुद्धा घाला. आणि भिंतीच्या प्लेटा बांधायला आरपार तार घालतात, ती नंतर तशीच कापून टाकतात. प्रत्येक तार म्हणजे पाण्याला एक बारीक नळी. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत की गिट्टीचे तुकडे, तेही वाकून बघा. सळई उघडी पडली की ती गंजणार.

भिंत दोन वेगळ्या परिस्थितींसाठी मोजतात. एक, टाकं भरलेलं आणि बाहेर माती नाही. दुसरी, टाकं रिकामं आणि बाहेरची माती ओलीचिंब. ठेकेदाराच्या वहीत दुसरी नसते. वरून पार्किंग आहे म्हणताय, तर स्लॅब गाडीच्या चाकाच्या भाराचा हवा. "आमच्याकडे ॲक्टिवाच आहे" असं सांगून पातळ स्लॅब टाकणारे पाहिलेत, पाच वर्षांनी स्कॉर्पिओ येते.

खड्ड्याबद्दल संध्याकाळी लिहिते, साइटवर निघाले.

बेसाची_सून | ७ एप्रिल, दुपारी १:१५
रेडिमेडबद्दल मी सांगते, कारण आमचं वर आलं होतं.

५,००० लिटरचं प्लास्टिकचं, जमिनीत पुरायचंच म्हणून घेतलेलं. खड्डा, तळाला पातळ पीसीसी, टाकं ठेवलं, भोवती उकरलेलीच माती लोटली, वर पेव्हर ब्लॉक. दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पाण्याला वास येतोय म्हणून साफ करायला माणूस बोलावला. संध्याकाळी त्याने तळ पुसून कोरडा केला. रात्री धो-धो पाऊस. सकाळी सासरे पेपर उचलायला बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, हे काय उगवलं?" पेव्हर ब्लॉक चहूकडे सांडलेले आणि मधोमध टाक्याचं झाकण फूटभर वर. कढईत पुरी टम्म फुगून वर यावी तसं. नळाची लाइन मुळातून तुटलेली, मीटरच्या बाजूने कारंजं उडत होतं. टाकं विकणारा म्हणाला बसवणाऱ्याची चूक. बसवणारा म्हणाला जमीन फुगली. दोन्ही बिलं आम्हीच भरली.

तर्रीपोहा | ७ एप्रिल, दुपारी १:२२
बापा! टाकं नव्हे, दुसरा मजलाच आला म्हणा.

काका_प्रतापनगर | ७ एप्रिल, दुपारी २:१०
पाच हजार लिटरचे टाके एका पावसात वर येते? नागपुरात भूजल इतके वर कधीपासून आले? आमच्या विहिरीला पंचवीस फुटांवर पाणी आहे.

स्थापत्या | ७ एप्रिल, रात्री ९:४५
काका, त्याला विहिरीच्या पातळीपर्यंत पाणी यावं लागत नाही. काळ्या मातीत खड्डा खणला म्हणजे जमिनीत एक भांडं तयार झालं. आजूबाजूची चिकण माती पाणी झिरपू देत नाही. टाक्याभोवती लोटलेली माती मात्र पोकळ. पहिल्या मोठ्या पावसाचं सगळं पाणी त्या पोकळीत उतरतं आणि तिथेच बसतं. भांड्यात भांडं. उन्हाळ्यात खड्डा ठणठणीत कोरडा असतो, म्हणून ठेकेदार छातीठोक सांगतो, "इथे पाणी नाही."

५,००० लिटरचं रिकामं टाकं पाण्यात बुडालं तर पाणी त्याला पाच टनांनी वर ढकलतं. टाक्याचं स्वतःचं वजन किलोंमध्ये. वरचे पेव्हर किती वेळ धरणार?

आता आरसीसीवाल्यांनी हसू नये. @हुडकेश्वरचा_नवा, तुमचाच आकडा मांडते. आतून ३ मीटर बाय सव्वादोन मीटर, उंची १.८ मीटर. भिंत सहा इंच, तळ आठ इंच, वरचा स्लॅब सहा इंच धरा. काँक्रीट जेमतेम सहा घनमीटर, म्हणजे सुमारे १५ टन. टाक्याने व्यापलेली जागा १८ घनमीटर. पाणी जमिनीपर्यंत चढलं तर वर ढकलणारा जोर १८ टन. पंधरा टनांचं काँक्रीटसुद्धा तरंगतं! मानकाप्रमाणे हिशेबात १.२ पट तरी वजन हवं, म्हणजे पावणेबावीस टन.

उपाय स्वस्त आहे. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी एकेक फूट काढायचा. त्या ओठावर जी भरण बसते, तिचं वजन टाक्याला खाली धरून ठेवतं. पाण्यात बुडालेल्या मातीचं कमी झालेलं वजन धरूनही सात-साडेसात टन मिळतात. काम भागलं. फक्त त्यासाठी खड्डा प्रत्येक बाजूने फूटभर मोठा लागेल आणि ठेकेदार कुरकुर करेल. भरण मुरुमाची, अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांनी, दाबून. उकरलेली काळी माती परत भिंतीशी लोटायची नाही.

आणि बेसाच्या ताईंच्या अनुभवावरून: टाकं साफ करायचं तर मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर. पावसाळ्यात ते पूर्ण रिकामं करू नका. तुमच्या मापात दोन फूट पाणी ठेवलं तर चार टन वजन तिथेच बसलेलं असतं.

डिपरॉड | ७ एप्रिल, रात्री १०:३०
स्थापत्याताईंचा हिशेब वाचून बरं वाटलं. आमचा अमरावती रोडला पेट्रोल पंप आहे, वडिलांच्या वेळेपासून. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. वीस हजार लिटरची लोखंडी टाकी रिकामी असली की ती होडीच. म्हणून खाली काँक्रीटचा पाट, आणि टाकीवरून पट्टे टाकून त्या पाटाला आवळतात. भोवती धुतलेली, खडे नसलेली रेती. एखादा टोकदार दगड टाकीच्या लेपाला घासला की तिथून गंज लागतो, आणि पेट्रोल जमिनीत गेलं की शेजारच्या विहिरी कायमच्या गेल्या.

पावसाळ्यात आम्ही टाकी तळाला जाऊ देत नाही. सकाळी डिप घेताना, म्हणजे रॉड बुडवून पातळी मोजताना, त्याच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतो, पाणी शिरलं असेल तर रंग बदलतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि खाली वेगळा थर धरतं. पूर्वीपेक्षा जास्त डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. हवा सोडायचा पाइप जमिनीपासून निदान चार मीटर उंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरपटत जाते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: देशभरातल्या पंपांच्या या टाक्यांना ज्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) परवाना लागतो, त्याचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. पाण्याच्या टाक्याला मात्र नकाशावरच्या चौकोनापलीकडे कोणी विचारत नाही.

पुणेरी_टोमणा | ७ एप्रिल, रात्री १०:४४
म्हणजे नागपूरला झीरो माइलशिवाय आणखी एक गोष्ट मध्यवर्ती आहे तर.

नळ_आला | ८ एप्रिल, सकाळी ६:०५
मूळ प्रश्नच विचारतो. टाकं हवंच कशाला? चोवीस तास पाण्याची योजना येऊन किती वर्षं झाली. मीटर लावले ना? मग वरच्या टाकीत थेट पाणी का चढत नाही?

बेसाची_सून | ८ एप्रिल, सकाळी ६:३०
@नळ_आला तुमच्या नावातच उत्तर आहे. ज्यांच्याकडे चोवीस तास येतं ते असं नाव घेत नाहीत.

नळ_आला | ८ एप्रिल, सकाळी ६:३८
पकडलं. सकाळी दीड तास येतं, तेही गल्लीतल्या टुल्लू पंपांनी ओढून झाल्यावर.

तर्रीपोहा | ८ एप्रिल, सकाळी ८:००
आमच्या गल्लीत एकानं टुल्लू लावला म्हणून दुसऱ्यानं लावला, दुसऱ्यानं लावला म्हणून तिसऱ्यानं. आता सगळे टुल्लू एकमेकांचं पाणी ओढून राहिले. लाइनमनपेक्षा गणिताचा मास्तर बोलवावा लागते.

वायरमन_भाऊ | ८ एप्रिल, दुपारी १२:२०
टुल्लू वाईटच. लाइनला गळती असली की नालीचं पाणीही त्याच ओढीनं आत येतं. त्यापेक्षा टाकं आणि त्यात पाणबुडी पंप बरा. पण टाक्यातल्या पंपाच्या केबलला काळी टेप गुंडाळून जोड देऊ नका. अख्खी केबल वरपर्यंत एकसंध आणा. त्या लाइनला ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. टाक्यात माणूस उतरणार असेल तर नुसतं पंपाचं बटण बंद करून भागत नाही, मेन पाडा आणि फ्यूज खिशात घाला. "चालू कर ना पंप, थोडं राहिलं" असं आतून सांगणारे आणि वरून चालू करणारे दोन्ही पाहिलेत.

सावली_मनीषनगर | ८ एप्रिल, रात्री ९:१०
आतमध्ये उतरण्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. दोनदा टाइप करून पुसलं.

आमच्या अपार्टमेंटचं काम चालू असताना टाक्याचा स्लॅब पडला. झाकणाचं एकच भोक, तेही प्लायवूडने झाकलेलं, कोणी पडू नये म्हणून. आत सेंट्रिंगच्या फळ्या तशाच आणि पावसाचं घोटाभर पाणी. तीन आठवड्यांनी एक मुलगा फळ्या काढायला उतरला. कोरं टाकं, नवं काँक्रीट, कसली घाण नाही. वरचा म्हणाला, "हातोडी देऊ का?" उत्तर नाही. वाकून पाहिलं तर तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धे उघडे. दुसरा त्याला काढायला शिडीवरून उतरला आणि शेवटच्या पायरीवरून बसल्यासारखा खाली गेला. तिसरा उतरणार होता. पलीकडच्या बांधकामावरचा एक म्हातारा मिस्त्री धावत आला, त्याने याची कॉलर धरली आणि थोबाडीत मारली. खरंच मारली. मग दोर, कोणी तरी पंखा आणला, अग्निशमनला फोन गेला. पहिल्याच्या काखेत दोराचा फास अडकला नशिबाने. दोघंही वाचले. पहिल्याला शुद्धीवर यायला बराच वेळ लागला.

त्या म्हाताऱ्याने नंतर एवढंच सांगितलं, "ओलं लाकूड बंद जागेत हवा खाते."

स्थापत्या | ८ एप्रिल, रात्री ९:५५
@सावली, लिहिलंत ते बरं केलंत. तो म्हातारा अगदी बरोबर आहे. ओली फळी कुजताना, तिच्यावर बुरशी चढताना, बंद टाक्यातला ऑक्सिजन संपतो आणि जागी दुसरे वायू साठतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची. फारच कमी असला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही, म्हणून तो ओरडतही नाही.

नव्या टाक्यालाच हा धोका जास्त, कारण कोऱ्या टाक्याला कोणी घाबरत नाही. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन झाकणं ठेवा. फळ्या काढायच्या आदल्या दिवसापासून दोन्ही उघडी, भोवती अडथळा. एका तोंडातून ब्लोअरने हवा आत, दुसऱ्यातून बाहेर, काम चालू असेपर्यंत. मोठ्या कामावर वायू मोजायचं यंत्र असतं, ते भाड्याने मिळालं तर घ्याच. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर आणि वर दोन माणसं, त्यांचं काम फक्त बघणं. मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत सोडा. तिला विषारी वायू कळत नाहीत आणि पेटणारा वायू असला तर ती आगच लावेल. पेट्रोलवर चालणारा पाणी उपसायचा पंप टाक्यात उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पुरेसा आहे. आणि कोणी पडलंच तर मागे उडी मारायची नाही. हे समजून घेणं सगळ्यात अवघड, कारण आत पडलेला आपला भाऊ असतो.

काल राहिलेलं, खड्ड्याबद्दल: दीड मीटरपेक्षा खोल मातीचा खड्डा आधाराशिवाय ठेवायचा नाही, असं मानक सांगतं. काळी माती उन्हाळ्यात सरळ उभी राहते आणि फसवते, भेग आतून आलेली असते. एक घनमीटर माती पावणेदोन टनांच्या आसपास, दोन अल्टोंपेक्षा जड. बाजू उतरत्या काढा किंवा फळ्या-बल्ल्या लावा. उकरलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर, जेसीबीसुद्धा काठाला नको. टाकं तुमच्या कॉलमच्या पायाखालून किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून खणू नका.

काका_प्रतापनगर | ९ एप्रिल, सकाळी ७:१५
रात्री वाचून उठून बसलो. आमच्या टाक्याला एकच झाकण आहे आणि दर दिवाळीला मी स्वतः उतरत असे, घरात कोणी नसतानासुद्धा. वय आता ७४. यंदापासून बंद.

विटांबाबत मत कायम आहे. पण मुरूम असेल तरच, हे मान्य.

नळ_आला | ९ एप्रिल, सकाळी १०:४०
झाकणाबद्दल एक. माझी बहीण अंबाझरी ले-आउटला राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलावाचं पाणी घरात शिरलं तेव्हा टाक्याचं झाकण जमिनीच्या सपाटीला होतं. नालीचा सगळा गाळ टाक्यात. टाक्याचं तोंड अंगणापेक्षा निदान सहा इंच वर काढा. पुराला ते पुरणार नाही, पण रोजच्या गाडी धुण्याच्या पाण्याला पुरेल. ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बसवा, नाहीतर डेंग्यूचे डास घरीच पाळाल. आणि कुलूप. लहान मुलं असलेल्या घरात झाकणाला कुलूप नसणं मला समजतच नाही.

नवं किंवा घाण झालेलं टाकं धुतल्यावर: १०,००० लिटरला साधारण दीड किलो चांगलं ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी घालायचं, एक दिवस ठेवायचं, मग सगळं उपसून टाकायचं. ते पाणी प्यायचं नाही आणि झाडांनाही घालायचं नाही. आम्ही तसंच केलं होतं.

हुडकेश्वरचा_नवा | ११ एप्रिल, रात्री ११:३०
सगळ्यांचे आभार मानायला बसलो तर रात्र पुरणार नाही. सावलीताईंची पोस्ट ठेकेदाराला वाचून दाखवली. तो गप्प बसला, मग म्हणाला, "असं होते, साहेब. आमच्या गावचा एक गेला." इतके दिवस बोलला नव्हता.

आरसीसी ठरलं. ओठ काढायचा ठरला. इंजिनिअरकडून नकाशा करून घेतोय. फक्त जागा राहिली. आई ईशान्येवरून हलायला तयार नाही.

तर्रीपोहा | ११ एप्रिल, रात्री ११:४१
आईला सांगा, देव पाण्यातला बघते की सेप्टिकमधला?

पुणेरी_टोमणा | १२ एप्रिल, सकाळी ८:०२
हे सांगू नका. सुनेलाच ऐकावं लागेल.

स्थापत्या | १२ एप्रिल, सकाळी ९:००
काळ्या मातीत सेप्टिकचं पाणी भेगांतून कुठे जाईल याचा नेम नाही. टाकं रिकामं असताना बाहेरचं पाणी आतल्या बारीक भेगेतून आत येतं, हेही विसरू नका. एवढ्याशा प्लॉटवर जेवढं लांब जमेल तेवढं लांब, आणि चढाच्या बाजूला. तुमच्या प्लॉटचा चढ कुठे आहे?

हुडकेश्वरचा_नवा | १२ एप्रिल, सकाळी ९:२५
नैर्ऋत्येला. म्हणजे वास्तूप्रमाणे सगळ्यात वाईट.

बेसाची_सून | १२ एप्रिल, सकाळी ९:५०
आईंना एक दिवस शेजाऱ्यांकडे सेप्टिक उपसायची गाडी आली की प्लॉटवर घेऊन जा. मुद्दाम काही बोलू नका.

हुडकेश्वरचा_नवा | ३ जून, रात्री १०:०५
खूप दिवसांनी. टाकं झालं. पश्चिमेला, नैर्ऋत्येच्या थोडं अलीकडे. (गाडी आली होती. आई दहा मिनिटं प्लॉटवर होती, पदर नाकाला लावून. परत येऊन म्हणाली, "पश्चिमेला वरुण असतोच की.")

खणताना चौथ्या फुटाला बाजू सुटायला लागली, लगेच बल्ल्या लावल्या. वॉटरस्टॉपची पट्टी दुकानातून मीच आणली, कारण ठेकेदार म्हणाला मिळत नाही. फळ्या काढताना दोन्ही झाकणं, ब्लोअर, दोर, वर दोघं. ठेकेदार स्वतः वर उभा राहिला, तंबाखूसुद्धा मळली नाही.

बाहेरची भरण करायच्या आधी टाकं भरून चाचणी घ्यायला इंजिनिअर म्हणाले. पहिले सात दिवस काँक्रीट पाणी पितं, ते मोजायचं नाही. पुढचे सात दिवस रोज एका वेळी भिंतीवरच्या खुणेपासून मोजायचं. सात दिवसांत ४० मिलिमीटरपर्यंत उतरलं तर चालतं म्हणे. आमचं ९ मिलिमीटर. ठेकेदाराचा विश्वास बसेना, त्याने स्वतःची टेप आणून मोजलं. ११ भरलं. मग दोघांनी मिळून १० वर तोडगा काढला. भिंतीबाहेर कुठे ओल नाही. उद्यापासून मुरूम भरतोय.

स्थापत्या | ३ जून, रात्री १०:२०
मस्त. भरण करताना टाकं भरलेलंच ठेवा. आणि चारही बाजूंनी सारखी चढवा, एकीकडे ढीग नको.

डिपरॉड | ३ जून, रात्री १०:४८
आणि पावसाळा संपेपर्यंत दोन फूट पाणी. विसरू नका.

काका_प्रतापनगर | ४ जून, सकाळी ६:५०
अभिनंदन. मी आमच्या टाक्याला दुसरे झाकण पाडून घेतले. मिस्त्री म्हणाला, "काका, १९८७ चं काम लोखंडासारखं आहे, ड्रिलची बिट मोडली." मुद्दाम येथे नोंदवीत आहे.

तर्रीपोहा | ४ जून, सकाळी ७:१०
गृहप्रवेशाला सावजी की पुरणपोळी?

हुडकेश्वरचा_नवा | १४ जुलै, रात्री ९:१५
पुरणपोळी, कारण आई आहे. परवा रात्रभर कोसळला. सकाळी उठून आधी टाकं पाहिलं. झाकण होतं तिथेच. आत दोन फूट पाणी, कुलपाची किल्ली बायकोकडे.

ईशान्य कोपऱ्यात आईने मोठा रांजण ठेवलाय, गोंदियाहून मागवलेला, वर तांब्याचं झाकण. घर बघायला येणाऱ्यांना आधी तो दाखवते.